मापाला उभी कासाबाई

पूर्णा जंक्शनात सटवाजी पाइंटमनला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक, त्याच्या हातून सांधा चुकून गाडी कधी भलत्या रुळावर गेली नाही. आणि दुसरी, रेल्वेचा वर्षाकाठी मिळणारा पास हा गडी पडकी देवळं बघण्यात घालवी. बाकीचे लोक पासावर पोरीसाठी स्थळ बघायला जात, लग्नकार्याला जात, फार झालं तर तिरुपतीला जाऊन डोकं भादरून येत. सटवाजी जाई तिथल्या देवाला नाक नसे, देवीला हात नसे आणि पुजाऱ्याचा तर पत्ताच नसे. इंजिनांच्या शेडमधले म्हातारे बजावत, "भंगल्या मूर्तीचं दर्शन घेऊ न्हाई, सटवाजी. घरात भंग येतो." सटवाजी म्हणे, "दर्शन कुठं घ्यायलोय? फोटू घ्यायलोय." आणि फोटोबद्दल पोथीत काही लिहिलेलं नव्हतं.

हा नाद एका डब्यातून निघाला. सन एकोणपन्नास, पोलीस ॲक्शन होऊन वर्ष होत आलं होतं. निजामाच्या रेल्वेतले अर्धगोरे गार्ड आणि ड्रायव्हर एकेक करून गाशा गुंडाळत होते. त्यातल्या एका गार्डसाहेबाच्या ट्रंका सटवाजीनं दोन दिवस खपून बांधल्या. निघताना साहेबानं त्याच्या हातात एक काळा चौकोनी डबा ठेवला. डब्याला पुढं एक डोळा, वर काडेपेटीएवढी काच आणि बाजूला एक खटका. एका फिल्मवर आठ फोटो निघत. साहेबानं त्याच्या दख्खनीत तीन गोष्टी सांगितल्या, "सूरज पीछे. आदमी सामने. सांस बंद." एवढं सांगून साहेब गाडीत बसला आणि सटवाजीनंच त्या गाडीला सांधा दिला.

तीन धड्यांपैकी पहिला आणि तिसरा सटवाजीला लगेच जमला. मधल्यानं त्याला दहा वर्षं छळलं.

त्या दिवाळीला तो बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला. कासाबाई त्याच्या सख्ख्या मामाची पोर. माहेर जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात, घरी पन्नास-साठ मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. चारठाणा तिथून दोन कोसांवर. चारठाण्याच्या जुन्या देवळांवरून सटवाजी लहानपणापासून शंभरदा गेला असेल. पडक्या मंडपाच्या सावलीत मामाची मेंढरं बसत, तोही बसे, भाकरी खाई आणि हाताचं तेल कोरीव खांबाला पुसून मोकळा होई. दारापुढच्या पिंपळाकडं कोण बघतं? तसंच हेही. पण त्या दिवशी त्यानं डबा पोटाशी धरला आणि मान खाली घालून काचेत बघितलं. मान मोडेस्तोवर वर बघावं लागणारा देवळापुढचा दगडी स्तंभ त्या एवढ्याशा काचेत अख्खा उतरला होता. चौकोनी भाग, मग आठ कोनांचा, मग गोल, प्रत्येक पट्टीवर वेगळी नक्षी. त्यानं मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा बघावा तसा तो स्तंभ बघितला.

"कुणी केलं असंल गं हे?" त्यानं विचारलं.

"कुणी का करंना," कासाबाई म्हणाली. "मनावर घिऊन केलंय."

सटवाजी दुपार कलेपर्यंत त्या स्तंभाभोवती फिरत राहिला. आठच्या आठ फोटो त्यानं त्या एकाच दगडावर खर्ची घातले. कासाबाईला नवऱ्याचं हे रूप नवीन होतं. पण नवरा दारू प्यायलेला नाही आणि खुशीत आहे, एवढ्यावर ती समाधानी होती.

फिल्म धुवायची सोय परभणीला. तिथं किशनरावांचा फोटोस्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात हंस. किशनराव जिभेनं तिखट पण हातानं जिव्हाळ्याचा माणूस. त्यांनी सटवाजीचे फोटो धुऊन दिले, आणि सटवाजी ते नाचवत शेडमध्ये घेऊन आला. फोटो हातोहात फिरला. एक फिटर म्हणाला, "जात्याचा खुंटा झकास हाय." दुसरा म्हणाला, "खुंटा न्हवं, मुसळ हाय. कुण्या सुताराकून घडवलं, सटवाजी?" चारठाण्याचा तो एवढा थोरला स्तंभ फोटोत खरोखरच मुसळाएवढा दिसत होता. त्याच्या शेजारी झाड नव्हतं, घर नव्हतं, माणूस नव्हता. तो बोटाएवढा की ताडाएवढा, कळायला मार्ग नव्हता. सटवाजीला जेवण गेलं नाही.

"अरे शहाण्या," किशनरावांनी सांगितलं, "बाजूला माणूस उभा कर. माणसाचं माप सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस दिसला की दगडाची उंची आपोआप कळते."

सांगणं सोपं होतं. पुढच्या खेपेला सटवाजीनं दौलताबादच्या किल्ल्यात एका वाटसरूला उभं केलं, तर त्याच्या शेजारी वीसजण येऊन उभे राहिले, पटके सावरत, छात्या काढून. किल्ला मागं कुठंच दिसेना. दुसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्याला विनवलं, तर तो डब्याकडं बघून "मला अजून नातवाचं लगीन बघायचंय" म्हणत पळाला. सरतेशेवटी उरली कासाबाई. पासावर तिचं नाव असेच आणि भाकरीचं गठुडं घेऊन ती बरोबरही असेच.

कासाबाईनं साफ नकार दिला. तिला फोटोची भीती होती आणि त्या भीतीला कारण होतं. तिच्या माहेरच्या गावात आजवर एकदाच फोटोवाला आला होता, पाटील आबासाहेब वारले तेव्हा. तेव्हाची रीतच तशी. जिवंतपणी फोटो काढायचं कुणाच्या ध्यानात येत नसे आणि मेल्यावर सगळ्यांच्या येई. आबासाहेबांना अंघोळ घालून, पटका बांधून खुर्चीत बसवलं, पाठीशी उशा लावल्या आणि फोटो काढला. इथवर ठीक. पण मग पाटलाच्या धाकट्या भावाला हौस आली. फोटोवाला आलाच आहे तर माझाही काढ म्हणून तो त्याच खुर्चीत बसला, हातात काठी, मिशीला पीळ. महिन्याच्या आत तो पटकीनं गेला. कासाबाई तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिनं दोन्ही फोटो निघताना कुडाच्या फटीतून डोळ्यांनी बघितले होते.

"त्या खुर्चीत दोगं बसले," ती म्हणे. "एक मेलेला आन् एक मराया निगालेला. फोटूत तोंड गेलं की आयुष्य गेलं."

सटवाजीनं महिनाभर डोकं खाजवलं आणि एक दिवस त्याला तोड सापडली. "आगं, तोंड कुणाला पायजे? मला तर माप पायजे. तू दगडाकडं तोंड करून उभी ऱ्हा. पाठीला काय आयुष्य असतं का?"

कासाबाईनं विचार केला. पाठीबद्दल तिच्याकडंही काही पुरावा नव्हता. पण बाप्या माणसाच्या तोंडी वचनावर विसंबायला ती खुळी नव्हती. तिनं देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढची भंडाऱ्याची वाटी आणली, त्यात बेलाचं पान ठेवलं आणि नवऱ्यापुढं धरली. सटवाजीनं बेलभंडार उचलला आणि आण घेतली, "कासाबाईच्या मर्जीबिगर तिचं तोंड ह्या डब्यात घेनार न्हाई." धनगराच्या घरात याच्यावर कोर्ट नाही.

असा तो संसार फिरतीवर निघाला. वर्षातून एक मोठी फेरी पासावर, आणि सुट्टी सापडेल तेव्हा एसटीनं जवळपासची. दोघं वेरूळला गेली, गोवळकोंड्याला गेली, वरंगळचे हजार खांब बघितले. हैदराबाद संस्थान मोडलं, जिल्हा मुंबई राज्यात गेला, स्टेशनावरच्या पाट्यांची लिपी बदलली. ह्या दोघांचं काम तेच राहिलं. ठिकाणी पोचलं की सटवाजी आधी सूर्य बघायचा. मग बोटानं जागा दाखवायचा. कासाबाई जाऊन देवळाच्या भिंतीशी, दगडापासून हातभर अंतरावर, नाक दगडाकडं करून उभी राहायची. सटवाजी ओरडायचा, "हालू नको!" तिच्या पाठीवर ऊन पडायचं, त्याचा श्वास थांबायचा, खटका वाजायचा. फोटोत देऊळ येई आणि देवळाच्या पायाशी पदर घेतलेली एक पाठ. आता कुणी खुंटा म्हणेना. कैलासाचा फोटो बघून शेडमधला तो फिटर नुसता "आयला" म्हणाला आणि त्यानं फोटो दोनदा मागून घेतला.

ह्यात एक गंमत झाली. बघायचा नाद सटवाजीचा, पण बघून होई कासाबाईचं. सटवाजीची मान खाली, डोळे काचेत. त्याला अख्खा कैलास काडेपेटीएवढा दिसे. तिच्या मात्र नाकासमोर दगड. सूर्य ढगातून बाहेर येईपर्यंत, गर्दी हटेपर्यंत ती अर्धा-अर्धा तास तशीच उभी असे, आणि तेवढ्या वेळात दगड वाचून काढी. परतीच्या गाडीत ती सांगे आणि हा ऐके. कुठल्या हत्तीच्या पायाखाली बेडकी कोरली आहे. कुठल्या बाईच्या पाठीवर माकड चढलं आहे आणि ती कशी दचकली आहे. एका ठिकाणी कारागिराचा हात घसरला असावा, फुलाच्या चौदा पाकळ्या सारख्या आणि पंधरावी बारीक. "मंग त्येनं काय केलं, ठावं हाय?" कासाबाई म्हणाली. "शेजारच्या फुलाची पंदरावी बी बारीकच केली. म्हंजी बगनाराला वाटावं, असंच असतंय." हे सांगताना तिला त्या कारागिराचा इतका अभिमान वाटला, जसा तो तिचा भाऊच.

वेरूळला एका माणसानं तिला सांगितलं की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. कासाबाई ते डोक्यात घेऊनच गाडीत बसली. गाडी सेलूच्या पुढं आली तेव्हा म्हणाली, "म्हंजी चुकलं तर पुन्ना जोडता येत न्हाई. आवो, त्यायला झोप कशी लागत असंल?"

फक्त एका गोष्टीवर तिचा देवळांवर राग होता. हत्ती आहेत, घोडे आहेत, हंस, वाघ, माकडं, सुसरी आहेत. मेंढरू कुठंच नाही. "मेंढराचं दूध पिऊन, घोंगडी पांगरून देवळं बांदली आसतील आन् मेंढरालाच इसरले," ती म्हणे.

आणि मग ते सापडलं. सन पंचावन्नचा पौष होता. जिंतुराहून औंढ्याकडं जाताना एसटी बिघडली आणि उतारू रस्त्यावर सांडले. बाजूला काटेरी बाभळीत एक पडकं देऊळ होतं, कळस नाही, देव नाही, नाव विचारावं असंही काही नाही. सटवाजीनं डबा काढला. कासाबाई सवयीनं भिंतीशी जाऊन उभी राहिली. सटवाजीनं काचेत बघितलं, श्वास धरला, बोट खटक्यावर ठेवलं, आणि तेवढ्यात ती ओरडली, "आवो, एडके! एडक्यांची टक्कर!" आणि गर्रकन वळली. पदर डोक्यावरून खाली आलेला, तोंडभर हसू, डोळे चमकत असलेले. काडेपेटीएवढ्या काचेत कासाबाईचा चेहरा उभा होता, ऊन बरोब्बर त्याच्यावर. बोट खटक्यावरच होतं. तिला डब्याचं भानच नव्हतं. दाबला असता तरी कळलं नसतं.

सटवाजीनं बोट काढलं. काढलं आणि त्याच घडीला त्याला पश्चात्ताप झाला. तिनं दाखवलेले एडके त्यानं बघितले, शिंगाला शिंग भिडवलेले, पुढचे पाय उचललेले, छान होते. पण त्याचं चित्त तिथं नव्हतं. सहा वर्षं तो दगडांमागं हिंडला होता. ज्याचा फोटो काढावा असं त्याला मनापासून वाटलं, ते आज पहिल्यांदा दिसलं, आणि त्यावर आण होती.

तिथून पुढं त्यानं धोशा लावला. एकच काढू दे. हसत नको, नुसतं बघ. कासाबाई टाळे. कधी म्हणे पुढच्या खेपेला, कधी म्हणे आज आमुशा आहे. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "आसं करू. माझे केस पिकले की काढा. मंग आयुष्य घटलं तरी किती घटंल?" हिशेब सटवाजीला पटला. तेव्हापासून तो तिच्या भांगात पांढरा केस शोधू लागला. बायकोला पांढरे केस कधी येतात म्हणून डोळे लावून बसलेला पूर्णा जंक्शनातला तो पहिलाच नवरा असावा.

पांढरे केस यायचे होते, त्याआधी दुसरंच आलं. एकोणसाठच्या माघात दोघं बीदरचा किल्ला बघून आली. त्या खेपेला कासाबाई दमल्यासारखी वाटली, पण चढही बराच होता. फिल्मवरचे पाच फोटो झाले, तीन उरले, ते पुढच्या सुट्टीसाठी ठेवले. चैत्र लागता लागता कासाबाईनं पोट धरलं. रेल्वेच्या डॉक्टरनं तपासलं आणि बाहेर येऊन सटवाजीला सांगितलं की पोटात गाठ आहे, जुनी आहे, आता हात लावण्यासारखी नाही. कासाबाईनं महिनाभर काढला आणि वैशाखात एका सकाळी, ऊन खिडकीत आलं तेव्हा ती गेली. वय चाळिसाच्या आतबाहेर. केस काळेभोर.

तिचा धाकटा भाऊ आश्रुबा आदल्या दिवशीच येऊन पोचला होता. आई मनकर्णा गावी खाटेवर; तिचा खुबा मोडलेला, गाडीत घालूनही आणता येत नव्हती, आणि वैशाखाच्या उन्हात माती थांबवणंही शक्य नव्हतं. आश्रुबानं डोळे पुसले, बहिणीला न्हाऊमाखू घातलं जाईपर्यंत वाट बघितली आणि मग खुंटीवरचा डबा काढून सटवाजीपुढं धरला.

"दाजी, एक फोटू काडा. आईला तोंड दावायचंय."

सटवाजीनं डबा हातात घेतला नाही.

"खुर्चीत बशिवतो म्या. उशी लावतो. तुमी निस्तं खटका दाबा."

"तिला फोटू आवडत न्हाई, आश्रुबा."

"आता कामून भ्याचं? आयुष्य घटंल म्हून भीत व्हती. आता काय घटायचंय?"

बोलणं बिनतोड होतं. अंगणात जमलेल्या बायकाबापड्यांनीही माना हलवल्या. सटवाजीनं डबा हातात घेतला. आत तीन फोटो शिल्लक होते. कासाबाईला ओसरीत निजवलं होतं, तोंडावर सकाळचं चांगलं ऊन होतं, सूर्य पाठीमागं, माणूस समोर. चार वर्षं ज्या चेहऱ्यासाठी त्यानं नाकदुऱ्या काढल्या, तो आता वळून जाणार नव्हता की आमुशा सांगणार नव्हता. त्यानं डबा पोटाशी धरला देखील. मग त्यानं तो आश्रुबाच्या हातात परत दिला.

"आण घेतली तव्हा, जित्ती हाय तवर, असं म्हनलो न्हवतो. तिच्या मर्जीबिगर, असं म्हनलो व्हतो. आता मर्जी कुनाला इचारू?"

"आन् माझ्या आईला काय सांगू?" आश्रुबाचा आवाज चढला. "पोरीचं तोंड जावयानं बगू दिलं न्हाई म्हून सांगू?"

आश्रुबानं खांदा दिला, माती दिली, आणि सटवाजीच्या घरचं पाणीही न घेता तो दुपारच्या गाडीनं निघून गेला.

तेराव्याला रिवाजाप्रमाणं पाटावर फोटो मांडायचा होता. बाकी काही नव्हतंच म्हणून सटवाजीनं एक देवळाचा फोटो मांडला, पायथ्याशी कासाबाई. येणारे हात जोडत आणि मग चुळबुळत. एक म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, "हे कंचं देऊळ हाय गं? आन् बाई कुठं हाय?" सटवाजीनं ऐकलं. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण मूर्खपणा केला. स्वतःच्या हट्टापायी आईच्या हातून लेकीचं तोंड गेलं, आणि आपल्याकडं दहा वर्षांची कमाई म्हणजे गठ्ठाभर पाठी.

ज्येष्ठात त्यानं उरलेली फिल्म किशनरावांकडं नेली. किशनराव नेहमी थट्टा करत, "सटवाजी, तुला बायको खरंच आहे ना? आम्ही तर पाठच बघतो." त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. फिल्म धुऊन बाहेर आले आणि एवढंच विचारलं, "तीन कोरे का राहिले?" सटवाजीनं सांगितलं. किशनरावांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग त्यांनी आजवरच्या सगळ्या फिल्म मागवल्या आणि ज्यात ज्यात कासाबाई होती ते सदतीस फोटो पोस्टकार्डाएवढे मोठे करून दिले.

ते सदतीस फोटो फडक्यात बांधून सटवाजी सासुरवाडीला निघाला. जिंतूरपर्यंत एसटी, पुढं पायी. मामी काय बोलेल याची त्याला धास्ती होती. भाचा म्हणून तिनं त्याला खांद्यावर खेळवलं होतं. जावई म्हणून आता ती त्याला उभंही करणार नाही असं त्याला वाटत होतं.

मनकर्णा मेंढरांच्या वाड्याजवळ, काट्यांच्या कुपाटीशी, खाटेवर बसली होती. आश्रुबा मेंढराची लोकर कातरत होता; त्यानं वर बघितलं नाही. सटवाजी खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला.

"मामी, तोंड न्हाई आणलं. आण व्हती."

"आश्रुबा बोलला," म्हातारी म्हणाली. "काय आनलंस?"

त्यानं गठ्ठा तिच्या हातात दिला. मनकर्णाला जवळचं दिसत नसे. तिनं पहिला फोटो हात लांब करून उन्हात धरला. देवळाकडं तिनं बघितलंच नाही. तिनं देवळाच्या पायाशी उभ्या पाठीवर बोट ठेवलं.

"आगं माय," ती म्हणाली. "हीच की माझी कासा."

"पाठ हाय नुस्ती, मामी."

"मंग?" म्हातारी म्हणाली. "आमी जलमभर मेंढराच्या मागं चालनारी मानसं. म्होरून कुनाला बगतो आमी? कासा सात वर्सांची व्हती तवापून माझ्या म्होरं चालली, कळपाच्या मागं. म्या तिची पाठच बगितली. ह्यो डावा खांदा बग, खाली हाय. कोकरू त्याच हातावर घ्यायची, सदा. दिसला न्हाई तुला?"

सटवाजीनं बघितलं. डावा खांदा खरंच खाली होता. सदतीस फोटोंत खाली होता. दहा वर्षं तो ओरडत होता, सरळ उभी ऱ्हा.

म्हातारी एकेक फोटो उन्हात धरत गेली. हितं चिडलेली हाय, मान बग. हितं उपाशी हाय, तुझं आवरंना झालं असंल. हितं गालात हासायली. आश्रुबाची कातर थांबली होती. तो उठून आईच्या मागं येऊन उभा राहिला. मनकर्णा गठ्ठ्याच्या तळाशी आली. बीदरचे पाच फोटो तिनं जास्तच वेळ धरले आणि ते वेगळे काढून मांडीवर ठेवले.

"हे कव्हाचं?"

"माघातलं. शेवटचं."

"दुकत व्हतं तिला हितं. लय दुकत व्हतं. कंबर बग कशी चोरलीय. आजारी मेंढरू आसंच उभं ऱ्हातंय." तिनं वर बघितलं. "तुला कळलं न्हाई?"

त्यातल्या एका फोटोच्या वेळी कासाबाईनं भिंतीला हात टेकला होता आणि आपण "हात काड, माप चुकतंय" म्हणून ओरडलो होतो, हे सटवाजीला आठवलं. त्यानं ते मामीला सांगितलं. सांगताना तो रडला, आश्रुबासमोर, लपवलं नाही. "तोंड दिसलं असतं तर कळलं असतं, मामी. म्या डब्यात बगत व्हतो आन् ती भिंतीकडं."

"तोंडावरून काय कळनार व्हतं?" मनकर्णा म्हणाली. "तोंड तर ती तुझ्याम्होरं हासरंच ठेवायची."

आश्रुबानं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि दाजींपुढं ठेवला. सटवाजी पाणी प्यायला, डोळे पुसले. मग त्यानं सगळे फोटो गोळा केले, बीदरचे खाली, वेरूळचे वर, असे वर्षवारीनं लावले आणि गठ्ठा म्हातारीच्या हातात परत दिला.

"पुन्यांदा सांगा, मामी," तो म्हणाला. "पयल्यापासून. सावकास."